आजारी अळ्यांची पेटी

अळ्यांच्या खोलीला एकामागे एक अशी दोन दारं होती. बाहेरचं नीट लागल्याशिवाय आतलं उघडायचं नाही. मावशी बाहेरचं दार पाठीनं लोटायच्या, कारण हातात कायम ट्रे असायचा. आत पाऊल टाकलं की ऊब अंगावर यायची, आणि तिच्यासोबत शिजवलेल्या पिठाचा आंबूस वास. नवख्या माणसाला तो सोसायचा नाही. मावशींना तो येईनासा झाला होता. घरी नवऱ्याला मात्र बरोबर यायचा.

"आलीस का भट्टीतून?" तो मान वर न करता विचारायचा.

संस्थेत सगळे त्यांना अळीमावशी म्हणत. तोंडावर नुसतं मावशी. पिकांवरच्या किडींचा अभ्यास करायचा तर किडी लागतात. त्याही हव्या तेव्हा, हव्या त्या वयाच्या आणि एकसारख्या. शेतात हुडकत बसून तशा मिळत नाहीत, म्हणून त्या पाळाव्या लागतात. मक्याच्या पोंग्यात, कोवळ्या पानांच्या गाभ्यात, शिरून पानं फस्त करणाऱ्या लष्करी अळ्या पाळणं हे मावशींचं काम. पतंग जाळीच्या पिंजऱ्यात कागदावर अंडी घालायचे. अंडी फुटली की मावशी एकेक पिल्लू मऊ कुंचल्यानं उचलायच्या आणि वेगवेगळ्या पेल्यांत सोडायच्या. पेल्यात त्यांच्या हातचं खाणं असायचं. कडधान्याचं पीठ, यीस्ट, जीवनसत्त्वं, सगळं शिजवून वडीसारखं गोठवलेलं. एका पेल्यात एकच अळी, कारण ही जात एकत्र ठेवली तर एकमेकींना खाते.

"भावंडं कसली, भाऊबंद आहेत," मावशी म्हणायच्या.

संस्थेत येण्याआधी बरीच वर्षं त्या एका पाळणाघरात होत्या. तिथं त्यांची एक सवय होती. मूल आलं की त्याच्या पिशवीला, पाण्याच्या बाटलीला आणि मनगटाला एकाच रंगाचा दोरा बांधायचा. एकदा दोन सारख्या टोप्यांमुळे एक पोर भलत्याच आजीच्या कडेवर बसून फाटकापर्यंत गेलं होतं. पोर खुशीत होतं, आजीही खुशीत होती. मावशी मात्र फाटकापर्यंत धावत गेल्या होत्या. तेव्हापासून दोरा. पाळणाघर बंद पडलं आणि त्या अळ्यांकडे आल्या. लोकांना यात मोठी गंमत वाटायची. मावशींना फारसा फरक वाटला नाही. दोन्हीकडे वेळेवर खायला घालायचं, खालचं साफ करायचं, आणि कुणाचं काय बिनसलंय ते ओळखायचं.

खोलीच्या भिंतीवर एक पाटी होती. दुबळी अळी दिसताच काढावी, तिच्या जागी धडधाकट अळी ठेवावी. पाटी विभागाच्या साहेबांनी लावली होती, आणि तिला कारण होतं. दुबळीला रोग असला तर तो साऱ्या खोलीत पसरतो. काढलेली अळी साबणाच्या पाण्यात टाकायची, असंही खाली लहान अक्षरात होतं.

काढायचं काम मावशी रोज करायच्या. साबणाच्या पाण्याचं त्यांना जमलं नाही. पहिल्या आठवड्यातच त्यांनी घरून एक लाकडी पेटी आणली. नवरा कवळ्या बनवायचा. दातांच्या डॉक्टरांकडून साचे यायचे, त्यावरून तो मेणात, प्लास्टरमध्ये आणि मग पक्क्या मालात दात उभे करायचा. ज्याची कवळी त्याच्या खणात राहावी म्हणून त्याच्याकडे खणांच्या पेट्या असत. त्यातली एक जुनी पेटी मावशींनी खोलीबाहेर, दोन दारांच्या मधल्या बोळात ठेवली. रोग असलाच तर आत जाऊ नये म्हणून बाहेर. दुबळ्या अळ्यांचे पेले त्या खणांत. वेगळं, जास्त मऊ खाणं. काही मरायच्या, काही सावरायच्या. सावरलेल्यांना मावशी संस्थेमागच्या गवतात सोडून द्यायच्या, आणि मग त्या गवताकडे बघणं टाळायच्या.

"किडींचं हॉस्पिटल काढलंयस," नवरा म्हणाला होता. "बाहेर सगळे मारायच्या मागे, आणि तू मलमपट्टी करतेस."

"तुम्ही नाही का, ज्यांनी आयुष्यभर गोड खाल्लं त्यांना दात देता?"

"मी पैसे घेतो."

"मग मीही पगार घेते."

तो विषय तिथं संपला.

त्या वर्षी एक मुलगी आली. संशोधन करायला आलेली, तिशीच्या आतली, बोलायला चटपटीत आणि चालायला त्याहून. पहिल्याच दिवशी दोन दारांच्या मध्ये ती मावशींवर आदळली आणि तेव्हापासून मावशींनी तिचं नाव भिंगरी ठेवलं. चारचौघांत त्या तिला मॅडम म्हणत. खोलीत दोघीच असल्या की पोरी.

भिंगरीला झाडांच्या खाण्यात रस होता. "मावशी, सगळे विचारतात अळीला काय मारतं," ती म्हणाली. "मी विचारते, झाडाला काय खायला घातलं तर अळीला ते खाववणार नाही."

"म्हणजे कडू करायचं?"

"कडू असंच नाही. जमिनीतून झाड पाण्यासोबत क्षार घेतं. नत्र, पालाश, चुना, आणखी बरंच. कशाचं किती मिळालं त्यावर पान कसं होणार ते ठरतं. लुसलुशीत की चिवट. पानात नुसतं गोड-मऊ भरलंय की स्वतःला सांभाळायचीही काही सोय आहे."

"पोटभर खाल्लं की झालं की."

"पोटभर खाऊनही पोरं आजारी पडतात ना? तुम्हीच सांगता."

मावशींना ते पटलं. पाळणाघरात असं एक गुटगुटीत पोर होतं, सगळे त्याचे गाल ओढायचे, आणि दर पंधरवड्याला ताप त्यालाच.

भिंगरीनं काचघरात एका लांब ओट्यावर मक्याच्या कुंड्या मांडल्या. तीन प्रकारचं खाणं, तीन रंगांच्या काड्या. निळी, पिवळी, लाल. कुठल्या रंगाला काय घातलंय ते तिनं मावशींना सांगितलं नाही. मुद्दामच. बघणाऱ्याला ठाऊक असलं की डोळे आपल्याला हवं ते बघतात, असं ती म्हणाली. प्रत्येक रोपावर जाळीची पिशवी, प्रत्येक पिशवीत एक अळी, सगळ्या एका वयाच्या. शेवटी त्यांची वजनं करायची आणि कुणाच्या अंगी काय लागलं ते बघायचं.

या एका प्रयोगावर तिचं बरंच अडलं होतं. ओटा तिला एकाच हंगामापुरता मिळाला होता. साहेबांचा या कल्पनेवर फारसा विश्वास नव्हता. फरक दिसला तर पुढचं काम, नाही दिसला तर ओटा दुसऱ्याला आणि भिंगरीनं दुसरा विषय शोधायचा. तिनं हे मावशींना डबा खाताना सांगितलं होतं, हसत हसत. मावशींनी तिच्या हाताकडे पाहिलं होतं. घास नुसताच बोटांत फिरत होता.

अळ्या सोडून दोनच दिवस झाले आणि तिच्या वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. तिला घरी जावं लागलं.

"मावशी, पाणी तेवढं द्या. आणि अळ्यांकडे लक्ष ठेवा."

"कसं ठेवू?"

"तुम्ही रोज ठेवता तसंच. तुमच्यापेक्षा बरं कोण ठेवणार?" असं म्हणून ती निघालीसुद्धा.

मावशींनी रोज ठेवतात तसंच लक्ष ठेवलं.

सकाळी काचघरात जाऊन त्या पिशव्या एकेक करून सोडायच्या. पिवळ्या काडीच्या अळ्या बघत राहाव्यात अशा होत्या. तुकतुकीत, लाडावलेल्या जावयासारख्या सुस्त. निळ्या काडीच्या बऱ्या. लाल काडीच्या मात्र काही केल्या अंग धरेनात. पानावर नुसते ओरखडे. अळी बारीक, सुकलेली, पानाच्या कडेला लटकलेली. मावशींना वाटलं, ओट्याच्या त्या टोकाला वारं लागत असणार. त्यांनी काचेच्या फटीत जुन्या कापडाचा बोळा कोंबला. तरी तेच.

मग जे त्या रोज करायच्या ते त्यांनी केलं. दुबळी अळी काढली. तिच्या जागी खोलीतली, त्याच वयाची, धडधाकट अळी ठेवली. दुसऱ्या दिवशी आणखी काही. त्यानंतर आणखी काही. निळ्यांतली एखादी, पिवळ्यांतली क्वचित, लाल काडीच्या मात्र जवळजवळ रोज. काढलेल्या अळ्या पेल्यात घालून पेटीत नेल्या. या आपल्या खोलीतल्या नव्हेत, पोरीच्या आहेत, बऱ्या झाल्या की ज्याच्या त्याच्या घरी परत द्यायच्या, हे त्यांच्या डोक्यात होतं. म्हणून प्रत्येक पेल्याला काडीच्या रंगाचा दोरा.

पेटी लाल दोऱ्यांनी भरून गेली. मावशींना वाटलं, पोरगी आल्यावर बघेल, आपण तिचं किती राखलं.

भिंगरी आली ती वडिलांच्या डोळ्यावरच्या हिरव्या पट्टीच्या गोष्टी सांगत. वडील पट्टी लावून वर्तमानपत्र उलटं धरून बसायचे, दिसतंय म्हणून सांगायचे. मावशी खूप हसल्या. मग भिंगरी वजनकाटा घेऊन काचघरात गेली.

दुपारी मावशी चहा घेऊन गेल्या तेव्हा ती ओट्यापाशी उभी होती.

"काहीच नाही मावशी."

"काय नाही?"

"फरक. लाल काय, निळी काय, सगळ्या सारख्याच. पिवळ्या थोड्या जड, बस." तिनं चहा घेतला नाही. लाल काडीचं एक पान उचलून उजेडात धरलं. "आणि एक कळत नाही. पान तर खाल्लेलंच नाही. नुसतं खरवडलंय. मग अळी एवढी जाड कशावर झाली? हवेवर?"

मावशींनी पानाकडे पाहिलं, मग ओळीनं उभ्या लाल काड्यांकडे.

त्यांना तिथंच कळलं. पूर्ण नाही, पण पाळणाघराच्या फाटकापाशी जेवढं कळलं होतं तेवढं. भलत्या कडेवर भलतं पोर.

कपबशी ओट्यावर ठेवली आणि निघून आल्या. उरलेला दिवस त्यांनी धुतलेले पेले पुन्हा धुतले.

घरी नवरा खिडकीपाशी बसून एका कवळीचे दात लावत होता. समोर गुलाबी मेणाची पट्टी, तिच्यात वरचे पुढचे दात, मागचे यायचे बाकी. अशा वेळी कवळी उगाच हसल्यासारखी दिसते.

"आज वास नाही आला," तो म्हणाला. मग मान वर करून पाहिलं. "काय झालं गं?"

मावशींनी सांगितलं. तो दात हातात धरून ऐकत राहिला.

"म्हणजे तिनं कुणाला उपाशी ठेवून बघायचं ठरवलं होतं, आणि तू त्यांना उठवून जेवलेली माणसं पंगतीला बसवलीस."

"अहो, मला काय माहीत?"

"तुला माहीत नव्हतंच. तिनं सांगितलं नाही, तुझ्या भिंतीनं उलटं सांगितलं." त्यानं दात मेणात बसवला, अंगठ्यानं दाबला. "मी एकदा दोन गिऱ्हाइकांच्या कवळ्या अदलाबदल केल्या होत्या. आठवतं? दोघांनीही बरेच दिवस तक्रार केली नाही. त्यांना वाटलं आपलंच तोंड बिघडलंय."

"मग तुम्ही काय केलंत?"

"गेलो आणि सांगितलं. शिव्या खाल्ल्या. पण त्यातल्या एकाचा जीव भांड्यात पडला. म्हणाला, बरं झालं, मी वेडा नाही."

मावशींनी मेणाची पट्टी त्याच्याकडे सरकवली.

"ती पोरगी आत्ता स्वतःलाच वेडी समजत असेल," नवरा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगरी काचघरात उलट्या क्रेटवर बसली होती. गुडघ्यावर लाल काडी, बोटांनी ती गोल फिरवणं चाललेलं.

"मॅडम," मावशी म्हणाल्या.

भिंगरीनं दचकून वर पाहिलं. काचघरात दुसरं कुणी नव्हतं. "मला मॅडम का म्हणताय? काय झालंय?"

मावशींनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. वाऱ्याची फट, कापडाचा बोळा, दुबळ्या काढणं, धडधाकट ठेवणं. सांगताना त्या तिच्याकडे बघत नव्हत्या, ओट्याकडे बघत होत्या. लाल काड्या ओळीनं उभ्या होत्या.

भिंगरीचं काडी फिरवणं थांबलं. मग हळू आवाजात म्हणाली, "मावशी, त्या दुबळ्या होत्या हेच तर मला बघायचं होतं."

"ते काल कळलं मला."

"माझं अख्खं..." तिनं वाक्य सोडून दिलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला. "आणि मीच सांगितलं. रोज ठेवता तसंच ठेवा. मीच सांगून गेले."

"तू माझ्यावर विसंबून गेलीस."

"हो. तेच तर." तिनं लाल काडी कुंडीत परत खोचली. "काढलेल्या अळ्या साबणाच्या पाण्यात गेल्या असतील."

"नाही."

"मग?"

"आहेत. बोळात, पेटीत."

भिंगरी उठली. दोन दारांच्या मधल्या बोळातून ती रोज जायची, पण त्या पेटीत काय असतं हे तिनं कधी विचारलं नव्हतं. झाकण उघडलं. खणाखणात पेले, पेल्यापेल्याला दोरा. एकदोन पिवळे, थोडे निळे. बाकी सगळे लाल.

"हे रंग..."

"ज्याचं त्याला परत द्यायचं म्हणून बांधले. पाळणाघराची सवय."

भिंगरी भिंतीला टेकली आणि हसायला लागली. हसता हसता तिनं डोळे पुसले. मावशींना कळेना की हे हसणं कुठल्या जातीचं.

मग तिनं एक पेला उजेडात धरला आणि तिचं तोंड पुन्हा उतरलं. "या तर सावरल्या. गुबगुबीत झाल्या. कात टाकलीय यांनी. कात टाकली की अळीचा जबडासुद्धा नवा येतो मावशी. काही पुरावा असता तर तो गेला."

"कुठे गेला? पेल्यातच असेल."

"म्हणजे?"

मावशी खजील झाल्या. "मी हे पेले धुतले नाहीत. आजारी लेकरांना उगाच हलवायचं नाही. खाणं वरून टाकायचं, झालं. खाली सगळं तसंच आहे." एरवी न धुतलेला पेला कुणी पाहिला असता तर त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं.

भिंगरीनं पेला तिरका केला. लेंड्यांमध्ये सुरकुतलेली कात होती, आणि कातीच्या टोकाला तपकिरी रंगाची एक टोपी, मोहरीहून लहान. अळीचं जुनं डोकं. आतून रिकामं, पण जबडे जिथल्या तिथे.

तो सगळा दिवस ती सूक्ष्मदर्शकापाशी होती. मावशी पेले देत होत्या, चिमट्यानं टोप्या वेचून काचेवर ठेवत होत्या. लाल दोऱ्याच्या एका बाजूला, निळ्या-पिवळ्या दुसऱ्या. खोलीतल्या नेहमीच्या अळ्यांच्याही काही, तुलनेला. जेवायच्या वेळेला भिंगरी म्हणाली, "या, बघा."

मावशींनी डोळा लावला. आधी खोलीतल्या अळीचा जबडा. करवतीसारखे दाते, एकेक टोकदार. मग लाल दोऱ्याचा. तिथं करवत नव्हती. कड बोथट, गुळगुळीत, काही ठिकाणी दाते पार झिजून सपाट.

"अगं बाई," मावशी म्हणाल्या.

नवरा त्यांचा विसरलेला डबा घेऊन आला होता. बाहेर उभा होता, भिंगरीनंच त्याला आत बोलावलं. त्यानं डबा खाली ठेवला आणि न विचारता वाकून डोळा लावला. कामाच्या खुर्चीवर बसतो तसाच, एक हात टेबलावर.

"कवळी काढून ठेवलीय की यानं," तो म्हणाला.

भिंगरी हसली. "काय वाटतं तुम्हाला?"

"म्हातारा आहे का हा?"

"नाही. दुसऱ्यांच्याच वयाचा."

"मग हे वयाचं नाही. हे खाण्याचं आहे. रोज काहीतरी कडक चावलंय यानं, रेती मिसळल्यासारखं. अशी तोंडं येतात आमच्याकडे." तो सरळ झाला. "त्यांना काय घातलंत तुम्ही?"

आता सांगायला हरकत नव्हती. पिवळ्या काडीला नत्र जास्त, गरजेपेक्षा बरंच जास्त. म्हणून तिथं पान लुसलुशीत, रस गोड, अळ्यांची चैन. निळ्या काडीला नेहमीचं खत. लाल काडीला नेहमीचंच, आणि वर पाण्यात विरघळलेली सिलिका. ज्याची वाळू, ज्याची काच, तेच द्रव्य. मक्यासारखं पीक ते मुळांतून पितं. पाणी पानातून उडून जातं, सिलिका मागे राहते आणि पानाच्या कातडीत बारीक खड्यांसारखी बसते. आपल्या हाताला पान थोडं खरखरीत लागतं, इतकंच. अळीला तेच पान पॉलिशपेपरसारखं.

"म्हणजे झाडानं ताटात खडे घातले," नवरा म्हणाला.

"थोडक्यात हो."

"आणि आमच्या हिनं पाहुण्यांना दुसऱ्या घरी नेऊन मऊ भात भरवला."

"तुम्ही निघा आता," मावशी म्हणाल्या.

संध्याकाळी दोघी साहेबांकडे गेल्या. भिंगरीनं सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं, स्वतःचं 'रोज ठेवता तसंच' सुद्धा. टोप्यांची छायाचित्रं पुढे ठेवली. साहेबांनी ती बारकाईनं पाहिली. मग विचारलं, "पण चाललेल्या प्रयोगातली अळी बदलायची, हा नियम कुठला?"

"भिंतीवरचा," मावशी म्हणाल्या.

"कुणी लावलाय तो?"

दोघी त्यांच्याकडेच बघत राहिल्या. साहेबांनी छायाचित्रं पुन्हा पाहिली, गरज नसताना.

"हा प्रयोग धरता येणार नाही," ते शेवटी म्हणाले. "या टोप्याही कुणाच्या आहेत ते दोऱ्यावरून मानायचं, नोंदीवरून नाही. हे छापलं तर लोक आपल्याला हसतील."

"मान्य आहे सर," भिंगरी म्हणाली.

"पण दिसतंय काहीतरी." त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "एक पेरणी आणखी. ओटा तोवर तुमचा. त्यात निघालं नाही तर मात्र मी ऐकणार नाही. आणि यावेळी मावशींनी तिकडे फिरकायचं नाही."

मावशींनी मान हलवली. त्यांना ते रास्तच वाटलं.

"मला मावशीच हव्यात," भिंगरी म्हणाली. "काय बिनसलंय ते त्यांना माझ्याआधी दिसतं. फक्त हात लावायचा नाही."

साहेबांनी मावशींकडे पाहिलं. "जमेल?"

"बघते," मावशी म्हणाल्या. जमेल असं म्हणायचं धाडस त्यांना झालं नाही.

दुसरी पेरणी झाली. यावेळी काड्यांचे रंग बदलले, जागाही बदलल्या, आणि कुठल्या रंगाला काय हे भिंगरीनं स्वतःलाही कळू दिलं नाही. खतं साहेबांनी भरली. अळ्या मावशींनीच दिल्या, निवडून, एकसारख्या. रोपांवर सोडताना त्या प्रत्येकीकडे जरा जास्तच वेळ बघत होत्या.

मग वाट बघणं सुरू झालं. मावशी सकाळी काचघरात जायच्या, पाणी द्यायच्या, पिशव्या न सोडता बाहेरूनच बघायच्या. यावेळी जांभळ्या काडीच्या अळ्या अंग धरेनात. पानावर तेच ओरखडे. एक अळी दिवसभर एकाच जागी खरवडत राहिली, पुढे सरकली, पुन्हा खरवडू लागली. मावशींनी दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत अडकवले.

ते सोपं नव्हतं. तान्ह्या पोराच्या रडण्याला उठायचं नाही असं कुणी सांगितलं तर कसं होईल तसं. नियम पाळणं त्यांना येत होतं. पण आजवरचा प्रत्येक नियम हातानं पाळायचा होता. हा हात न लावता.

"आज एक खाली पडली," त्या भिंगरीला सांगायच्या. "जांभळीतली. पुन्हा चढली."

"उचलली नाहीत ना?"

"नाही गं पोरी. पण तिच्याशी बोलले."

"बोललेलं चालेल."

घरी नवरा बघत होता. त्या जेवतानाही डावा हात पाठीमागे धरायला लागल्या होत्या. एका संध्याकाळी त्यानं कामाच्या टेबलावरून मेणाचा एक उरलेला गोळा त्यांच्या हातात दिला. "हाताला काहीतरी असू दे," म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून मावशी काचघरात तो गोळा मळत उभ्या राहायच्या. गुलाबी मेण, उबेनं मऊ होणारं.

वजनाच्या दिवशी साहेब स्वतः आले. भिंगरी एकेक पिशवी सोडत होती, अळी काट्यावर ठेवत होती, आकडा मोठ्यानं म्हणत होती. साहेब लिहून घेत होते. मावशी कोपऱ्यात उभ्या होत्या. आकडे ऐकून त्यांना काही कळायची गरज नव्हती. पिशवी सुटताच त्यांना दिसत होतं. पांढऱ्या काडीच्या अळ्या भिंगरीला चिमट्यात नीट धरवत नव्हत्या, इतक्या जाड. जांभळ्या काडीच्या अळ्या काट्यावर ठेवल्या तर काटा हलला की नाही हे वाकून बघावं लागत होतं.

सगळं संपल्यावर साहेबांनी खिशातून घडी घातलेली चिठ्ठी काढली आणि उलगडून ओट्यावर ठेवली. पांढरी, जास्त नत्र. केशरी, नेहमीचं. जांभळी, सिलिका.

भिंगरीनं ती वाचली. पुन्हा वाचली. तिनं ओट्याच्या कडेला हात टेकला.

"यावेळी कुणी हवा खाऊन जाड झालं नाही," साहेब म्हणाले. ते त्यांच्या मानानं बरंच होतं. जाता जाता दारात थांबले. "मावशी, त्या पाटीखाली एक ओळ वाढवू. प्रयोगातल्या अळ्या सोडून."

"मोठ्या अक्षरात लिहा," मावशी म्हणाल्या.

ते गेल्यावर दोघीच उरल्या. जांभळ्या काडीच्या अळ्या एका बशीत होत्या, एकमेकींपासून लांब लांब, अर्धमेल्या. वजनं झाली होती. जबडे बघायला भिंगरीनं काही वेगळ्या काढून ठेवल्या होत्या. या उरलेल्या.

मावशींच्या मुठीत मेणाचा गोळा होता. त्यांनी तो खिशात टाकला.

"आता?" त्यांनी विचारलं.

भिंगरीनं बशीकडे पाहिलं, मग मावशींच्या हातांकडे. ते पाठीमागे गेलेच नव्हते, पुढे येऊन तिथंच थांबले होते.

"घ्या मावशी," ती म्हणाली.

मावशींनी कुंचला घेतला आणि पहिली अळी उचलली.